व्रतकथांचं कव्हर

आई, तू जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आता इथे, नेदरलँड्समधल्या एका स्त्रियांच्या ग्रंथालयाने तुझ्या संग्रहातली एक कादंबरी खिडकीत मांडलीय. मला आनंद व्हायला हवा होता. पण दोन दिवस झाले, माझा संताप उतरत नाहीये.

लॉकडाऊनमुळे आत कुणाला सोडत नाहीत, म्हणून स्त्रियांच्या इतिहासाचं प्रदर्शन यंदा रस्त्याकडच्या काचेमागे. शहरातल्या बायकांनी आपापल्या आईची एकेक वस्तू द्यायची होती. मी आमच्या न्यूनेन गावाहून सायकल हाणत बघायला गेले, तर तुझ्या पुस्तकाशेजारी चिठ्ठी: 'भारतीय कादंबरी. उत्तम स्थितीत.' बस्स. तू चालवलेल्या महिला वाचनालयाचा उल्लेखसुद्धा नाही!

डोळ्यांसमोर आपलं स्वयंपाकघर येतं. दुपारची भांडी आवरून तू कणकेची खळ शिजवतेस, कादंबऱ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं चढवतेस आणि वर टपोऱ्या अक्षरात लिहितेस, 'व्रतकथा'. मग पिशवी माझ्या खांद्यावर. घरोघरच्या सासवा कव्हर वाचून खूश, सुना आतलं वाचून. एकदा एका सासूबाईंनी विचारलं, "कसली कथा गं?" आणि मी शहाणीने सांगून टाकलं, "प्रेमाची." त्या सुनेचं वाचन तिथेच बंद झालं. तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "तुला फक्त पोचवायला सांगितलं होतं." ते अजून लागतं.

परवा व्हिडिओ कॉलवर ग्रंथालयाच्या बाईंना मी हे सगळं तावातावाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "फार सुंदर आहे हे. पण या पुस्तकावर ते कुठे दिसतं? तसं एखादं कव्हर आहे का तुमच्याकडे?" मी म्हटलं, तुम्हाला बायकांचा इतिहास हवाय की नुसत्या वस्तू? आणि कॉल कट केला. लेक शेजारीच बसली होती. "आई, शी वॉज जस्ट आस्किंग." तिच्यावरही खेकसले.

बाईंची काहीच चूक नाही गं. पुस्तक पाठवायच्या आदल्या दिवशी मला त्या तेलकट, फाटक्या कव्हरची लाज वाटली. आपल्याकडे पुस्तकं अशी ठेवतात, असं इथले लोक म्हणतील, ही भीती. मीच ते सोलून काढलं, जुन्या कागदांच्या डब्यात टाकलं आणि पुस्तकाला नवंकोरं प्लास्टिक घातलं. गुरुवारी गाडी येऊन डबा रिकामा करून गेली. बाईंना हे अजून सांगितलेलं नाही. तुझं अक्षर माझ्याकडे तेवढंच होतं.