बाबांचा निळा टी-शर्ट

करोल बाग, दिल्ली
९ मे १९९५

ती. आईस नमस्कार,

मी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

दुकानात टी-शर्टचं कापड निवडायचं काम माझ्याकडे आलं. तुकडा धुऊन, वाळवून, मापून मगच माल घ्यायचा, असा इथला नियम. मी मात्र तू साडी पारखतेस तसं कापड मुठीत चुरगळलं. चुणी पडली नाही, म्हणून चाळीस रोल पास केले. टी-शर्टच्या होजिअरी कापडाला चुणी पडतच नाही, हे मला कुठं ठाऊक! शिवलेला माल पहिल्याच धुण्यात चार बोटं आटला.

नोकरी गेलेली नाही, काळजी नको. फक्त त्यातलाच एक आटलेला टी-शर्ट मालक मला रोज घालायला लावतात. बेंबी उघडी पडते. गिऱ्हाईक आलं की मला स्टुलावर उभं करतात अन् म्हणतात, "देखिए जी, ये इनकी माताजी ने सिखाया है।" तुझं नाव मीच सांगून बसलो होतो. सगळे हसतात. चौथ्या दिवसापासून मीही हसतो.

जेवण वेळेवर होतं.

तुझा
चैतन्य

ता. क. बाबांना पाठवलेला निळा टी-शर्ट त्याच कापडाचा आहे. बाबा तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानं दाखवत असतील तर दाखवू देत. तू फक्त तो धुऊ नकोस.