मामांच्या रानात, एकाच सेल्फला

रविवार, १२ एप्रिल

आबा, फार दिवस तुम्हाला काही लिहिलं नाही, त्याची आधी माफी मागते. दिवस म्हणणंही खोटंच, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. वही मी रोज लिहिते. त्यात दूधवाला येतो, अकरावीच्या प्रॅक्टिकलच्या तक्रारी येतात, आईची साखर येते. तुम्ही मात्र ‘आबांचं म्हणणं असं होतं’ एवढ्यापुरते येता, तिसऱ्याच कुणाबद्दल लिहावं तसे. आज थेट तुम्हालाच लिहायचं कारण असं, की गाडी सुरू झाली. कवठे येमाईला, मामांच्या रानात, रात्रभर फ्रिज, पंखा आणि दिवा चालवून, सकाळी सात वाजता, एकाच सेल्फला. कुणाला हात लावावा लागला नाही.

तुम्हाला ती दुसरी सकाळ आठवत असणारच. मावशीच्या हळदीची. मी तिसरीत असेन. संध्याकाळीच लाईट गेलेली, चुलाणावर भाताची डेग, आणि बायका अंधारात भाजी चिरतायत. तुम्ही जीप मांडवाजवळ लावता, बॉनेट उघडून बॅटरीला दोन बल्ब जोडता आणि सगळ्या मांडवात उजेड होतो. जो तो ‘दाजी, दाजी’ करतोय. दौंडच्या बॅटरीवाल्या जावयाचा असा मान मी त्याआधी पाहिला नव्हता. सकाळी निघायला आपण जीपमध्ये बसतो, तुम्ही किल्ली फिरवता, आणि आतून नुसतं टक्. पुन्हा टक्. मामा तेव्हा तरणेबांड. त्यांनी मांडवाच्या दारातून हाक दिली, “आरं या रं समदे! बॅटरीवाल्या दाजींची गाडी ढकलायचीय!” आठ-दहा जण धावत आले. ढकलता ढकलता मामा विचारत होते, “दाजी, दुसऱ्याच्या बॅटऱ्या भरता आन् सोताची उपाशी ठिवली व्हय?” बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तुम्हीही हसलात. पण मी मागच्या सीटवर होते, मला तुमचे कान दिसत होते. लालबुंद झाले होते.

गाव मागे पडल्यावर तुम्ही एवढंच बोललात, “माझीच चूक. एका बॅटरीवर दोन कामं टाकली. उजेडाला येगळी पायजे हुती.” पुढे कवठ्याला गेलो की मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “दाजी, ढकलाय किती गडी लावू?” आणि तुमचंही ठरलेलं, की चार वाजता उठायचं, दुकान उघडायचंय म्हणायचं आणि मुक्काम करायचा नाही. तुम्ही उठलात की आईही उठायची. या गोष्टीचा दुसरा अर्थ मला चाळिशी ओलांडल्यावर कळला. तुमच्या लाल कानांपायी आईनं माहेरी पुन्हा एकही रात्र काढली नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. तुम्ही तिला अडवलं नव्हतंत. पण तुम्ही उठल्यावर ती बसून राहील, असंही कधी केलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर ती जाऊ शकली असती. तोवर इन्सुलिन सुरू झालं. एका उन्हाळ्यात दोन दिवस लाईट नव्हती, तेव्हा नवीन आणलेली बाटली वाया गेली, आणि तिनं मनाशी ठरवूनच टाकलं की फ्रिजपासून लांब झोपायचं नाही. डॉक्टरांनी तिला समजावलं, थर्मास दाखवला, मी बर्फाच्या पिशव्या दाखवल्या. ती म्हणाली, “बर्फ काय, वितळतोच.” मागच्या वर्षी मी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली, कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर डोंगराकडे मुक्कामाला जायला म्हणून. आईनं तिच्याभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडून आत हात फिरवला आणि विचारलं, “ह्यात फ्रिज बसंल का गं?” बसेल म्हटलं. “मंग मला एक रात कवठ्याला ने. रानात. घरात नगं, घर आता पोरांचं झालंय. रानात गाडी लाव, मी गाडीत झोपंन.” जरा थांबून म्हणाली, “पर सकाळी सुरू व्हाया पायजे.”

म्हणजे तिलाही सगळं आठवत होतं.

काम तसं तुम्ही सांगितलंत तेवढंच होतं, उजेडाला वेगळी बॅटरी. पुढची बॅटरी फक्त सेल्फसाठी. मागे डिकीत दुसरी, बंद प्रकारातली, ॲसिडची वाफ गाडीत न सोडणारी. तिच्यावर फ्रिज, पंखा, दिवा. दोघींच्या मध्ये एक आयसोलेटर. इंजिन चालू असलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, दोन्ही भरतात. इंजिन बंद झालं की तोडतो. मग फ्रिजनं मागची बॅटरी चाटूनपुसून खाल्ली तरी पुढचीला धक्का नाही. तुमच्या वेळी हे काम तुम्ही एका स्विचवर केलं असतंत आणि स्विच बंद करायला कुणीतरी विसरलं असतं. आता विसरायचं काम उरलेलं नाही.

सामान आणायला मी दौंडलाच गेले. इथे शिरूरमध्येही मिळालं असतं. तुमचं दुकान आता तुमच्या हाताखाली शिकलेले मिस्त्रीकाका चालवतात, हे तुम्ही असतानाच ठरलं होतं. ॲसिडनं भोकं पडलेला शर्ट तेही घालतात, फक्त त्यांच्या शर्टाला आईसारखं रफू करणारं कुणी नाही. मी यादी पुढे केली तर चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, “वायर येवढी जाड? गाडी वढायची हाय का काय?” मी म्हटलं, “पाच मीटर लांब जाणार आहे काका, बारीक वायरीत व्होल्टेज पडेल.” “व्हय, तुमी फिजिक्सच्या मॅडम. द्या हिकडं, एका दिसात बशिवतो.” मी म्हटलं, मीच बसवणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वायरीच्या टोकांना बोल्टात अडकवायचे तांब्याचे लग दाबून दिले आणि प्रत्येक लग दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तुम्ही ओढायचात तसा. निघताना म्हणाले, “अर्थिंगला पत्र्याचा रंग खरवडून घ्या. नुसता बोल्ट आवळू नगा.” तेही वाक्य तुमचंच. मी हो म्हटलं.

दोन रविवार गेले. रंग खरवडला. मागच्या बॅटरीचा ट्रे बसवला. वायर दाराच्या पट्टीखालून, लवचीक नळीतून मागे नेली. पुढच्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला आणि लावताना मनात म्हणाले, हे मला कुणी सांगायला नको. कारण ते तुम्ही एकदाच, पण पुरेसं सांगितलं होतं. नववीच्या सुट्टीत एका गिऱ्हाइकाच्या जीपला मी आतला दिवा बसवला होता, आणि फ्यूज हाताशी यावा म्हणून डॅशबोर्डखाली लावला होता. तुम्ही गिऱ्हाइकासमोरच मला विचारलंत.

“वीज निघती कुठनं?”

“बॅटरीतून.”

“आन् फ्यूज कुठाय?”

मी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं.

“मंग मधली सहा फूट वायर कुणाच्या भरवशावर?”

आणि सगळी वायर उपटून माझ्या हातात दिलीत. गिऱ्हाईक म्हणालं, “जाऊ द्या मालक, पोरीच्या जातीला कशाला यवढं?” तुम्ही म्हणालात, “पोरीनं केलंय म्हणून न्हाई काढलं. चुकीचं केलंय म्हणून काढलं.” मी रडले होते ते पहिल्या वाक्यांना. या शेवटच्या वाक्याची किंमत मला खूप उशिरा कळली. त्या वेळी आई डबा घेऊन आली होती, रिकाम्या बॅटरीच्या खोक्यावर बसून तुमच्या जेवणाची वाट बघत होती. ती रोज अर्धा तास तशी बसायची. ती तिथं बसून काय करते, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

गेल्या रविवारी सगळं जोडून झालं. इंडिकेटरच्या बल्बचा आणि जुन्या पेनच्या नळीचा तो टेस्ट लॅम्प, जो मी कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही माझ्या पिशवीत घातला होता, त्यानं एकेक जोड तपासला. सगळीकडे बल्ब लागला. मी खूश होऊन आईला बोलावलं आणि अकरावीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं, ही पुढची, ही मागची, हा आयसोलेटर, हा फ्यूज. ती पायरीवर मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“ही मागची भरली, की मंग हिच्यातनं बी वीज निघंल ना?”

“निघणारच. त्यावरच तर फ्रिज चालेल.”

“मंग हिच्याजवळ फ्यूज कुठाय?”

“फ्रिजच्या वायरीला आहे की.”

“त्या बारक्या वायरीचं न्हाई म्हणत. ही जाड. पुढं गेलीय ती.”

मी पुढच्या फ्यूजकडे बोट दाखवलं. अगदी नववीत दाखवलं तसंच. आणि बोट दाखवतानाच मला चूक दिसली. पुढचा फ्यूज पुढच्या बॅटरीपुरता. मागची भरलेली बॅटरी, तिच्यातून निघून सीटखालून गेलेली वायर, ती कुठे पत्र्याला घासली तर सगळा जोर मागून येणार आणि त्याला अडवणारं वाटेत काहीच नाही. ज्या जागी आई झोपणार होती, तिच्याच खालून ती वायर जात होती.

“मधली वायर कुणाच्या भरवशावर?” आई म्हणाली, आणि मेथीची काडी बाजूला टाकली.

मी वीस वर्षं ओहमचा नियम शिकवते, आबा. तुमचा नियम मी पाठ केला होता, पण बॅटरी एकच आहे असं धरून. जिथून वीज निघते तिथे फ्यूज. दोन ठिकाणांहून निघत असेल तर दोन. हे तुम्ही सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गरजच नव्हती. खोक्यावर बसून ऐकणाऱ्या आईला ती पडली नाही. दुसऱ्याच दिवशी मी शिरूरमधून फ्यूज आणला, मागच्या बॅटरीला लागूनच बसवला, आणि मग गाडी अंगणात चोवीस तास उभी करून फ्रिज चालवून पाहिली. पुढच्या बॅटरीचं व्होल्टेज हललं नाही.

काल दुपारी कवठ्याला पोचलो. मामा सत्तरीच्या पुढे गेलेत, काठी आली, आवाज तोच. गाडी लिंबाखाली लावली. आईनं फ्रिजचं झाकण उघडून बाटली चारदा पाहिली, मग भावजयीला बोलावून तिलाही दाखवली, वर चार अंशांचा आकडा वाचून दाखवला. जेवणं रानातच झाली. आई पंख्यासमोर झोपली आणि मला वाटतं मीच जास्त वेळ जागी होते.

सकाळी चहा झाला, आणि मामा खरोखरच पोरांना घेऊन आले. नातू, पुतणे, शेजारच्या रानातले दोघं. काठी उगारून म्हणाले, “व्हा रं उभं मागं! दाजींची लेक हाय, सवय आसंल तिला.” सगळे हसले. मीही हसले, आणि माझे कान गरम झाले. आई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेली. मी किल्ली फिरवली.

आबा, अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही. एक घुर्र, आणि इंजिन लागलं.

मागे उभी असलेली पोरं रिकाम्या हातांनी तशीच राहिली. मामा जवळ आले, खिडकीवर काठी टेकवली. “बंद कर. परत लाव.” मी बंद केलं, परत लावलं. पुन्हा तसंच. “फ्रिज चालू हुता ना रातभर?” मी म्हटलं, अजूनही चालू आहे. मामांनी काठीनं बॉनेटवर टकटक केलं. “म्हंजी आता आमचं काय कामच न्हाई म्हण की.”

तेव्हा आई बोलली. “दादा, ह्यांनी तवाच सांगितलं हुतं, उजेडाला येगळी बॅटरी पायजे. तुमीच ऐकाय थांबला न्हाईत.”

मामांनी मान हलवली. मग म्हणाले, “पुढच्या बारीला दोन राती ऱ्हावा.” आणि आईनं, जिनं आजवर चार वाजता उठायचं एवढंच केलं होतं, उत्तर दिलं, “बघू. फ्रिज मोठा हाय तिचा.”

परत येताना मी सगळ्या रस्त्यानं हसत होते. आता बसून स्वतःला विचारते, की हे आईसाठी केलं, की तुमच्या कानांसाठी, की माझ्यासाठी. तिन्हींसाठी केलं असं लिहिणं सोयीचं आहे. खरं असं, की किल्ली फिरवताना मला आई आठवली नाही, तुम्हीच आठवलात. त्याबद्दल वाईट वाटत नाही, याचंच थोडं वाईट वाटतंय.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्न नाही. ते या वहीतच राहील. पण एक गोष्ट तुमच्यापाशी लपवून वही मिटवत नाही. घरी पोचल्यावर मी मिस्त्रीकाकांना फोन केला. ते आधी गाडीचं विचारतील असं वाटलं होतं, पण त्यांनी घाईनं विचारलं, “मॅडम, मागच्या बॅटरीला फ्यूज टाकलाय का? मला सांगायचं ऱ्हायलं, दोन दिस जीव थाऱ्यावर न्हाई.” मी म्हटलं, टाकलाय. “कुणी सांगितलं?” आणि मी म्हणाले, “आलं लक्षात माझ्या.” ते केवढ्यानं हसले. “शेवटी लेक कुणाची!” ते वाक्य मी घेतलं, आबा. आई स्वयंपाकघरात पाच पावलांवर होती, तिनं ऐकलं, आणि कुकर लावला.

उद्या: मिस्त्रीकाकांना फोन. फ्यूज आईच्या लक्षात आला होता, हे सांगायचं, आणि फोन तिच्या हातात द्यायचा.