वहिनींनी बटण दाबलं की झालं

५ सप्टेंबर, शुक्रवार

डबा उघडला आणि फोन. गेटवर गाड्या थांबल्यात, गेटपास निघत नाही. म्हणजे बोका आडवा. (सर्व्हरवर गेटपासचा प्रोग्राम ज्याच्यावर चालतो त्याचं नाव टॉमकॅट, म्हणजे बोका, हे आईला सांगून बसलो. तेव्हापासून ती त्याला बोकाच म्हणते. आता मीही.)

कारण नेहमीचंच. वॉचमन अस्लम चाचांनी मेन स्विच पाडला. चाचांचा जन्म लूमवर, यंत्रमागावर गेला. शुक्रवारी लूम बंद, बंद म्हणजे मेन खाली. शेडमधून लूम कधीच गेले, आमच्या मालकांचं, दादांचं गोडाऊन आलं, पण दुपारच्या नमाजला कुलूप लावताना चाचांचा हात आपसूक मेनवर जातो. वर कुलूप लावलं की मेन खाली, हा दादांचाच हुकूम, कारण इथे पूर्वी एकदा शॉर्ट सर्किटने आग लागली होती. युपीएस थोडा वेळ दम धरतो, मग खल्लास.

चाचा : "जुम्मा है बेटा, मेन तो गिरेगा।"

मशीन चालू करा, मग डेटाबेस, मग बोका, मग गेटचं पान उघडतंय का बघा. सगळं माझ्या हातानं. दुसऱ्या कुणाला येत नाही. भाजी गार. चूक माझीच. बसवताना घाईत बसवलं, 'चालतंय ना, बास' म्हणून सोडून दिलं.

८ सप्टें., सोम.

दादांनी केबिनमध्ये बोलावलं. ह्या शेलार गावातली निम्मी जमीन एकेकाळी ह्यांच्या घरची, पण अजून चहा बशीत ओतून पितात. म्हणाले, "नवमीला यंत्राला काम सांगाचा न्हाय. पूजा झाली का दसऱ्याचे सकाळी वहिनी चालू करंल. तू हायस ना?"

"बघू" म्हणालो. दरवर्षीचं नाटक आहे हे. वहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस, बटणाला हात लावतात, टाळ्या होतात, आणि मग मी खाली बसून खरं काम करतो. माझा प्रत्येक दसरा ह्या गोडाऊनमध्ये गेलाय.

घरी आलो तर आई विहारात जाऊन आलेली. दसऱ्याला नागपूरला बस जाणार, दीक्षाभूमीला. नाव देऊन आली. एकटीचं. म्हटलं, मला विचारायचं तरी. म्हणाली, "तुझ्या बोक्याजवळ कोण थांबेल मग?" टोमणा नव्हता. अगदी सरळ विचारलं. तेच जास्त लागलं. बाबा गेल्यापासून दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणतोय. ह्या वेळी तिने ते ऐकायची वाटसुद्धा बघितली नाही.

ठरलं. ह्या वर्षी मी नसताना, नुसत्या वहिनींच्या बटणावर बोका उठला पाहिजे. सं. विहारात जाऊन माझंही नाव दिलं. दादांना अजून सांगितलेलं नाही.

१२ सप्टें., शुक्र.

बोक्याची सर्व्हिस करून ठेवली होती, म्हणजे मशीन चालू झालं की ह्याने आपणहून उठायचं. आज मुद्दाम काही केलं नाही. चाचांना मेन पाडू दिला.

मेन वर आला. मशीन ढिम्म. बरोबर आहे, बटण कोण दाबणार? मशीनच्या सेटिंगमध्ये सापडलं : वीज परत आली की स्वतः चालू व्हायचं. ते लावलं. परत मेन पाडा, वर करा. मशीन उठलं! बोका नाही.

ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवत होते. शेवटी हातानेच उठवला.

१५ सप्टें., सोम.

सापडलं!! पहिल्या दिवसापासून मी ॲडमिन होऊन बोका चालवत आलो. म्हणून त्याच्या सगळ्या फायली ॲडमिनच्या नावावर. सर्व्हिस चालते वेगळ्या साध्या युजरवर, तिला त्यात एक ओळ लिहायची परवानगी नाही. दार उघडेना म्हणून बिचारी गपचूप परत जायची. थोडक्यात, कसायचं तिने आणि सातबारा माझा. मालकी बदलून दिली, तलाठ्याकडे न जाता.

दुसरी गोष्ट. डेटाबेसच्या आधीच बोका उठायचा आणि समोर कोणी नाही म्हणून रुसून बसायचा. आता आधी डेटाबेस, मग तू, असं लिहून दिलं.

चहाला गेलो तर आपोआप शीळ वाजवत होतो.

१९ सप्टें., शुक्र.

मेन पडला, मेन उठला, मशीन उठलं, बोका उठला. मी जागचा हललो नाही. डबा पूर्ण खाल्ला. वांग्याची भाजी. शुक्रवारी गरम वांगं खाल्लं हे लिहून ठेवतो.

मग दादांना नागपूरचं सांगितलं. चेहरा पडला. "ना न्हाय उठला तं?"

"उठेल."

"न्हाय उठला तं दिवालीचा माल गेटवर रखडंल. मंग तुला नागपूरशी उलटा बोलवीन, कलला?"

कळलं. बस अर्ध्यात सोडून यावं लागलं तर आई काही बोलणार नाही, हेच वाईट.

२० सप्टें., शनि.

वहिनींना म्हटलं, एकदा दाबून बघा. हात मागे घेतला. "पितर हायत अजून. आज नको, भावोजी."

२३ सप्टें., मंगळ.

घट बसले, वहिनी तयार. डोक्यावर पदर घेऊन आल्या. बटण असं दाबलं की फोडायचंच आहे. म्हटलं, दाबून धरायचं नाही, नुसतं टेकवायचं. दाबून धरलं तर बंद पडतं. मग एका बोटाने टेकवलं. दिवा लागला, गेटचं पान उघडलं, वहिनी लहान मुलीसारख्या हसल्या. "एवराच? मंग तू दरवर्षी खाली बसून काय करतोस?"



१ ऑक्टो., बुध. (बसमध्ये)

सकाळी बोका नीट बंद केला. वहिनींनी मशीनला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, ती नेमकी पंख्याच्या जाळीवर. पूजेनंतर मी हळूच बाजूला सरकवली. पूजेला मी लांब उभा असतो, वहिनींना ठाऊक आहे, कधी आग्रह करत नाहीत. पेढा मात्र पहिला माझ्या हातावर.

दु. गोडाऊन बंद, मेन खाली. चाचा : "जाओ बेटा, अम्मी को घुमा के लाओ।"

आई खिडकीशी. पांढरी साडी, कडक इस्त्री. मागच्या बायकांना सांगतेय, "हा माझा मुलगा. कंप्युटरचं बघतो." मला काहीतरीच वाटलं. बरंही वाटलं.

२ ऑक्टो., गुरु. (परतीच्या बसमध्ये, सं.)

क्रमानेच लिहितो.

सकाळी आम्ही स्तूपाच्या रांगेत. माणसंच माणसं. फोन वाजला. वहिनी, अगदी कुजबुजत : "भावोजी, ह्यो तं आधीच चालू हाय."

पहिल्यांदा कळेचना. मग डोकं धरलं. तोरणाच्या दिव्यांसाठी चाचांनी मेन वर केला असणार. वीज आली की आपणहून उठायचं, हे मीच लावून ठेवलेलं. शुक्रवारच्या नादात दसरा विसरलो. आता मुहूर्ताआधी, वहिनींचा हात लागायच्या आधीच यंत्र कामाला लागलं होतं.

"यांना सांगू काय? ते आंघोलीला गेलेत. अपशकुन तं न्हाय ना?"

शकुन-अपशकुन मी मानत नाही. पण वहिनींचा आवाज कापत होता. म्हटलं, "वहिनी, बटण दाबून धरा, दिवा जाईपर्यंत. थोडं थांबा. मग दादांसमोर नुसतं टेकवा." असं धाडकन बंद केलं तर डेटाबेस दुखावू शकतो, हे सांगायच्या आत लाइन कटली. मग रेंजच नाही.

रस्त्यावर रेंज मिळेल, लोक म्हणत होते. पण रांगेतून बाहेर पडलो असतो तर परत आईपर्यंत पोचणं मुश्कील. आई म्हणाली, "जा, बघून ये. मी जाईन पुढं." पुन्हा तेच, टोमणा न मारता.

फोन खिशात टाकला. "राहू दे, आई." तिने माझं कोपर धरलं आणि बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. आत ती रडली. मीही थोडा. बोका त्या वेळात डोक्यात आला नाही असं लिहिणार होतो, पण आला. दोनदा तरी. तरी हललो नाही.

दु. बाहेर रेंज आली. मिस्ड कॉल एकही नाही. वहिनींचा फोटो : पहिल्या गाडीचा गेटपास, त्यावर कुंकवाचं बोट. खाली लिहिलंय, "उठला. यांना सांगितल नाय."

तिथेच फुटपाथवर बसलो. इतकं हायसं वाटलं. आईने नुसतं विचारलं, "उठला का बोका?" हो म्हटलं. मग आम्ही पोटभर जेवलो.

४ ऑक्टो., शनि.

ड्युटीवर. आधी डेटाबेस तपासला. शाबूत. नोंदीत दसऱ्याच्या सकाळी बोका दोनदा उठलेला स्वच्छ दिसतोय. दादा नोंदी बघत नाहीत. वहिनींनी चहा देताना डोळा बारीक केला.

दादा खुशीत. "हातगुन हाय तिचा. एका बोटात उठवला." मी मान डोलावली. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "आता दरवर्षी जानार काय तू?"

"हो, दादा. दसऱ्याला मी नसणार."

फार सरळ बोललो की काय. त्यांनी मोबाइल घेऊन कुणाला तरी फोन लावला. माझ्याबद्दल का गाडीबद्दल, समजलं नाही.

घरी आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"विचारलंस का सांगितलंस?"

"सांगितलं."

हात थांबले. "बरं," म्हणाली, आणि परत सोलायला लागली.