डावी पेटी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नवी नोकरी, म्हणून नवी वही. पहिल्या पानावर ठसठशीत लिहिलंय : ही वही गंधाली परब हिची आहे, दुसऱ्या कुणी वाचू नये. मालनमावशी हसली. म्हणाली, दहा बाय बाराच्या खोलीत तुझी वही वाचायला येणार कोण? विक्रोळीतल्या चाळीतली ही खोली तिचीच. खिडकीची बाजू तिनं मला दिली आणि सकाळी निघताना हातावर दही ठेवलं. कुडाळला आईला फोन केला तर ती नुसतीच रडली, आनंदानं.

पवईचं आमचं डेटा सेंटर तलावापासून जवळ आहे, पण आत खिडकीच नाही. काम झकास आहे. एका औषध कंपनीला जुन्या फिरत्या डिस्क काढून ऑल-फ्लॅश स्टोरेज घ्यायचंय. दोन विक्रेत्यांनी एकेक यंत्र चाचणीसाठी दिलंय. इथे त्याला पेटीच म्हणतात. आत फिरणारं काही नाही, सगळं चिपांवर, आवाज फक्त पंख्यांचा. तीन आठवडे दोन्हींची तुलना करायची आणि अहवाल द्यायचा.

आमचे मुख्य चंद्रप्रकाश सर. त्यांची रीत अशी की प्रत्येक पेटी एका नवख्याच्या ताब्यात द्यायची. पांढऱ्या पट्टीवर आपलं नाव लिहून ती पेटीला चिकटवायची, कुंकू लावायचं, मग बटण दाबायचं. डावी पेटी माझी. उजवी रुचिरा दामलेची. जिची पेटी चांगली चालेल ती कायम होणार. जागा एकच आहे.

बुधवार, ८ जानेवारी

रुचिरा बोरिवलीची. स्वतःचं घर, आईवडील दोघंही प्राध्यापक, इंग्रजी असं की सर मधूनच तिच्याकडे बघून मान डोलावतात. स्वभावानंही चांगली आहे, हे आणखी वाईट. डब्यातली कोथिंबीरवडी आधी मला देते. वाईट असती तर निदान मनमोकळं जळता आलं असतं. इथे खरंच लिहायचं तर माझ्या पोटात दुखतं.

तिची पेटी अर्ध्या मिलिसेकंदात उत्तर देते, माझ्या पेटीला पाऊण लागतो. पेटीला दोन कंट्रोलर असतात, म्हणजे मेंदूच; तिनं चालू पेटीतला एक उपटून काढला तरी काम अडलं नाही. मी काढला तेव्हा माझी पेटी चार सेकंद गप्प बसली, आणि सर नेमके मागे उभे होते.

राजारामभाऊ इथे वीस वर्षं वीज आणि एसी सांभाळतात. दुपारी त्यांनी आम्हा दोघींना बजावलं की चाचणीच्या पेटीत स्वतःचं काही ठेवायचं नाही, फोटोसुद्धा नाही, आणि परत जाताना पेटी कोरी गेली पाहिजे. रुचिरानं कारण विचारलं. ते म्हणाले, कारण मलाबी ठाऊक नाय, मी पाळतो.

मंगळवार, १४ जानेवारी

आज संक्रांत. रुचिरानं मागच्या आठवड्यात ज्या काळ्या कुर्त्याचं कौतुक केलं होतं तसाच मी घाटकोपरहून आणला. आज तीही तसाच घालून आली. सगळे हसले, जुळ्या म्हणाले. संध्याकाळी ती तिळगूळ द्यायला थेट आमच्या खोलीवर हजर. मावशी तिच्यावर इतकी खूश की तिला हळदीकुंकवाचं वाण दिलं, स्टीलचा डबा. माझ्यासाठी ठेवलेला डबा होता तो.

अलीकडे मी तिच्यासारखं बोलायला लागलेय, हे माझ्या लक्षात येतं. तिच्यासारखी सही करते, र मोठा काढून. माझ्या नावात तर र नाहीच, परबात आहे. अहवालाची सुरुवातही तिच्या मसुद्यावरून उचलली. गुण घ्यावेत, असं आपली माणसं म्हणतातच की.

शुक्रवार, १७ जानेवारी

घोडं कुठे पेंड खातंय ते आज कळलं. शेवटची कसोटी जागा वाचवण्याची. एकाच गोष्टीच्या दोन प्रती आल्या तर पेटी पहिलीच ठेवते. दुसरीच्या जागी नुसती खूण करते, की तिकडे बघ. बाहेरून दोन दिसतात, आत एकच असते; कुठलीही एक पुसली तरी आत उरते ती पहिलीच. अशी युक्ती करून रुचिराची पेटी पाचपट जागा वाचवते, माझी तिप्पट. सोमवारी आकडे सरांकडे जाणार.

रुचिरा जेवायला गेली तेव्हा तिचा संगणक उघडा होता. मी तिचं सगळं फोल्डर माझ्या पेटीत ओतलं. टिपणं, मसुदे, अर्ज, फोटो. मग त्यावर माझं फोल्डर. माझ्यात निम्मं तिच्यावरूनच उतरवलेलं, म्हणजे आकडा वाढणारच. जरा भर पडावी म्हणून माझी प्रमाणपत्रं, कुडाळच्या घराचे फोटो, आईच्या आवाजातले निरोप, या वहीच्या पानांचे फोटो, सगळं टाकलं. राजारामभाऊंची आठवण आली होती. पण कायम तर मला व्हायचंय, त्यांना नाही.

आकडा अकरापट आला. एक मात्र समजलं नाही. माझ्या फोल्डरसाठी पेटीनं नवी जागा घेतलीच नाही. टिपणांचं ठीक आहे. पण आमच्या घराचे फोटो, तुळशीवृंदावन, आईचा आवाज? पेटीच्या मते ते सगळं आधीपासून होतं, रुचिराच्या फोल्डरमध्ये.

सोमवार, २० जानेवारी

सरांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, शाब्बास रुचिरा. मी दुरुस्त केलं, ते हसले, पुन्हा रुचिराच म्हणाले.

दाराशी कार्ड लावलं तर पडद्यावर तिचा फोटो आला. पहारेकऱ्यानं फोटो बघितला, मला बघितलं आणि खुशाल आत सोडलं. डाव्या पेटीवरची पट्टी कोरी आहे. मी मार्करनं पुन्हा नाव लिहिलं. दुपारी परत कोरी.

मंगळवार, २१ जानेवारी

संध्याकाळी मावशीनं विचारलं, काय गो रुचिरा, गंधाली खय रवली? मी म्हटलं, मावशी, थट्टा पुरे. ती थट्टा करत नव्हती. मला चहा दिला पाहुणीच्या कपात, आणि दाराकडे बघत बसली माझी वाट.

बुधवार, २२ जानेवारी

रुचिरा कँटीनमध्ये माझ्यासमोर रडली. तिला आमच्या घराची स्वप्नं पडतात. जागेपणीसुद्धा आठवतं म्हणाली. विहिरीच्या कठड्याचा फुटलेला कोपरा, आई पेज गाळताना गुणगुणते ते. ती कुडाळला कधीच गेलेली नाही. तिनं हळूच विचारलं, गंधाली, तू पेटीत काय टाकलंयस गं?

सांगून टाकलं. ती चिडली नाही. म्हणाली, उद्या सकाळी दोघींनी सरांना खरं सांगू आणि अख्खी पेटी पुसू. तुझं तुझ्याकडे येईल, माझं माझ्याकडे. मी हो म्हटलं.

खरं सांगितलं तर माझी नोकरी गेली. तिची राहणार, म्हणजे तिलाच सगळं. घर, इंग्रजी, वाण, आता माझी आईसुद्धा, आणि वर कायमची जागा.

गुरुवार, २३ जानेवारी

सकाळी तिच्या आधी पोचले. पेटी पुसली नाही. फक्त तिचं फोल्डर पुसलं. पेटीनं विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. दोन होत्या, आता एक. वाटलं, उरेल ती मी.

रुचिरा आली नाही. तिची खुर्ची नाही, कॉफीचा मगही नाही. कुणी विचारलं नाही. राजारामभाऊ तेवढे डाव्या पेटीसमोर उभे राहिले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, पोरी, पहिली कोण होती त्यात?

पहिली ती होती. आधी तिचं ओतलं होतं मी. माझ्या जागी नुसती खूण होती —

शुक्रवार, २४ जानेवारी

कायम झाले. सरांनी सगळ्यांसमोर पत्र दिलं, पेढे वाटले. पत्रावर नाव रुचिरा दामले. सही कर म्हणाले. केली. सफाईनं झाली, र मोठा.

मोबाइल वाजला. बोरिवलीची आई. बाळा, येताना दही आण म्हणाली. मी हो आई म्हटलं. सहज निघालं तोंडातून.

पेटी आज विक्रेत्याकडे परत गेली, कोरी करून. सरांनी स्वतः पुसली. आता परत मिळवायचं तरी कुठून —

शनिवार, २५ जानेवारी

विक्रोळीला गेले. मावशीनं दार अर्धंच उघडलं. कोण व्हया तुका? भाची म्हटलं. म्हणाली, माका भाची नाय. आत खिडकीपाशी तिचं शिवणयंत्र होतं. माझी गादी —

कोथिंबीरवडी कशी करतात ते मला येतं. कुणी शिकवलं नाही.

विहिरीचा कोपरा — कुठला कोपरा —

रविवार, २६ जानेवारी

वहीचं पहिलं पान उघडलं. माझंच अक्षर. ही वही रुचिरा दामले हिची आहे.

मला हवं होतं तिचं सगळं. मिळालं. नको आहे आता. माझी दहा बाय बाराची खोली, पेज, माझं साधं अक्षर — तेवढं द्या कुणीतरी —

आईचा नंबर अजून पाठ आहे. एवढा एक राहिलाय. कागदावर लिहून ठेवला आणि लावला. उचलला तिनं. तोच आवाज. कोण बोलता, म्हणाली. मी लिहितेय आणि बोलतेय, म्हणजे विसरणार नाही. आई, मी गो. ओळखलंस मां? कोण, म्हणते. आई, मी तुझी — तुझी मुलगी — नाव सांग म्हणते — सांगते, थांब, ठेवू नको — आई, मी तुझी रु