भोगीतून वाचवलेली एक्केचाळीस चित्रं

१३ जानेवारी १९६१, शुक्रवार. भोगी. सकाळी ६
आज भारतीय कला जळता जळता वाचली. कनकानं भोगीला घरातलं जुनंपुराणं जाळतात, त्या जाळात टाकायला फाटकी चटई, झिजलेली केरसुणी आणि कपाटावरची एक लांब गुंडाळी अंगणात आणून ठेवली होती. मी दात घासत होतो. गुंडाळीचं टोक पेटता पेटता ती ओळखली आणि तसाच धावलो. आर्ट स्कूलमधली माझी ड्रॉइंग्ज! एकूण एक्केचाळीस. एकाची कड जळली आहे, पण ती शोभून दिसते.

बायको म्हणून कनका उत्तम आहे, पण तिला दृष्टी नाही. म्हणाली, सोळा वर्षांत एकदा सोडून बघितली नाहीत, आता कसाला? उत्तर इथे लिहीन. आजपासून रोजनिशी, आणि ती मराठीत. कनका मराठी बोलते, पण वाचते फक्त तमिळ. आम्हा तंजावरकडच्यांत असं असतं. सोय आहे.

१४ जानेवारी. पोंगल
दिवसभर चित्रं बघितली. थक्क झालो. हे मी काढलं? त्या काळी माझी रेघ दोन प्रकारची होती. एक बारीक, भित्री, खोडून खोडून काढलेली. आणि मधेच एक निर्भय! काळीभोर, एका फटक्यात. म्हाताऱ्या हमालाचा कान बघावा. कोळणीचा गुडघा बघावा. एकाच माणसात दोन शैली. यावर कुणीतरी लेख लिहायला हवा.

आठवलं : नारायणस्वामी मास्टर इतरांपेक्षा माझ्या बाकावर जास्त वेळ बसायचे. मला उठवून स्वतः माझ्या जागी बसत. माझ्याकडून काही घेता येतंय का, ते बघत असावेत.

१७ जानेवारी, मंगळवार
ऑफिस. मलेरियाचा तक्ता. नऊ वर्षं आरोग्य खात्यात तक्त्यांवर डास काढतो आहे. सुपरिंटेंडंट सुब्बा राव यांनी पट्टी लावून सांगितलं, डासाचा एक पाय आखूड आहे. ज्या हातानं तो कान काढला, त्या हाताला हा माणूस पट्टी लावतो!

दुपारी राजीनामा लिहिला. इंग्रजीत, जोरदार. खिशात ठेवला आहे. या चित्रांचं प्रदर्शन झालं की देणार. एग्मोरला एका वाचनालयाची वरची खोली मिळते आहे, ५ फेब्रुवारी, रविवार.

१९ जानेवारी
मेहुणा चंद्रमौळी आला होता. रेल्वेत क्लार्क आहे, तरी चित्रं एकेक करून बघितली. हमालापाशी थांबून त्यानं विचारलं, हा कान कुणी काढला? मी नुसता हसलो. कनकाला राजीनाम्याबद्दल सांगितलं. तिनं विचारलं, सरकारी क्वार्टर जाईल, मग राहायचं कुठे? कलावंत कुठेही राहतो, असं मी म्हणालो. ती म्हणाली, कलावंत राहील, मी कुठे राहू? विचार करून सांगतो म्हटलं.

२२ जानेवारी, रविवार
एकाही चित्रावर सही नाही! केवढा तो विनय. आज बसून एक्केचाळीसही चित्रांवर केली. इंडियन इंक, ठळक अक्षरं : टी. राघोत्तम राव. हमालाच्या पायाचा अंगठा सहीखाली गेला, पण अंगठा तसाही भित्र्या शैलीत होता.

२६ जानेवारी. सुट्टी
उद्घाटनाला नारायणस्वामी मास्टरांना बोलवलं होतं. टी. नगरहून काल त्यांचं कार्ड आलं : बोलण्याआधी चित्रं बघायची आहेत, रविवारी येतो. गुरूला शिष्याचा हेवा वाटू नये, एवढीच इच्छा.

२९ जानेवारी, रविवार
मास्टर आले. छत्री, धोतर, वय सत्तरच्या पुढे. कॉफी घेतली, चष्मा लावला. हमालाचं चित्र हातात घेऊन म्हणाले, कान माझा आहे.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी कोळण घेतली. गुडघा माझा. मग नारळवाल्याचा खांदा, मग त्याच्या नेसत्या वेष्टीच्या चुण्या. शेजाऱ्याच्या घरात आपली भांडी ओळखावीत, तसे शांतपणे सांगत होते. तुझं चुकायचं, मी दुरुस्त करून द्यायचो, मग तू पुन्हा बारीक रेघेनं सुरुवात करायचास. आणि प्रत्येक चित्राखाली ठळक अक्षरांत टी. राघोत्तम राव. इंडियन इंक पुसली जात नाही.

कनका दारात उभी होती. तिनं आणखी कॉफी आणली आणि माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

तेविसावं चित्र मास्टरांनी उलटलं. मागे पेन्सिलीनं एक माणूस खुर्चीत झोपलेला. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक चप्पल गळालेली. नारायणस्वामी मास्टर! कुठल्याशा परीक्षेच्या दुपारी मी काढलेले. मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

त्यांनी तो खिडकीपाशी उजेडात नेला. मग म्हणाले, कितीदा सांगायचो, घाबरू नकोस. इथे घाबरला नव्हतास. आमची ही आज असती तर फार हसली असती, म्हणाले, आणि घरी नेऊ का विचारलं. मी दिलं. मागच्या बाजूला सही नव्हती. करू का म्हटलं, तर म्हणाले, नको, कळतं.

बसस्टॉपपर्यंत पोचवायला गेलो. चित्र त्यांनी छातीशी धरलं होतं. मला आनंद झाला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम.

३१ जानेवारी
प्रदर्शन रद्द. त्या खोलीत ऊन फार येतं, कागद पिवळे पडतील. संध्याकाळी कनकाला समोर बसवून न घाबरता कान काढला. दोन तास. तिनं बघून विचारलं, हा वडा आहे का? कनकाचे कान मुळातच अवघड आहेत.

१ फेब्रुवारी, बुधवार
राजीनामा शर्टाबरोबर धुतला गेला. कनका म्हणते चुकून. मी जास्त विचारलं नाही.

ऑफिस. नवा तक्ता, मोठा डास. आज पट्टी घेतली नाही, एका फटक्यात काढला, निर्भय रेघेनं. सुब्बा रावांनी मोजले. पाय पाच निघाले. त्यांनी माझी पेन्सिल घेतली, मला उठवलं, माझ्या जागी बसले आणि सहावा काढून दिला.

संध्याकाळी तक्ता लांबून पाहिला. तो सहावा पाय फारच चांगला आला आहे. खाली सही केली.