उन्हाळ्यापुरतं दिलेलं घर

सोमवार, ९ एप्रिल १९७३

पाचगणीचं घर भाड्याने द्यायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण मन तयार होत नाही. हे होते तोवर दर उन्हाळ्यात आम्हीच जायचो. हे जाऊन दोन वर्षं झाली आणि दोन उन्हाळे घर बंद. शेजारचे अण्णा वकील म्हणाले, "शरयूताई, बंद ठेवलंत तर वाळवी राहील त्यात. त्यापेक्षा माणसं राहू द्या."

माणसं! वाळवीचं निदान औषध मिळतं.

आलेत ते तासगावकडचे सुभेदार नाथाजी यादव. पलटणीतून पेन्शनीत निघालेले. बायकोला दमा आहे, दोन महिने थंड हवेवर न्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. १५ एप्रिल ते १० जून. माणूस सरळ दिसतो. फारच सरळ दिसतो! म्हणाला, "बाई, तुमी म्हनाल तिथं सही करतो. फिकीर करू नका." न वाचता सही करणाऱ्या माणसाची मला फिकीर वाटते.

बुधवार, ११ एप्रिल

अण्णांनी आज घाबरवूनच सोडलं. फेब्रुवारीपासून कायदा बदलला म्हणे. लायसन्सवर, म्हणजे मालकाच्या नुसत्या परवानगीवर, जे घरात राहत होते ते सगळे भाडेकरू ठरले. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाले, "म्हणजे तो आत आणि तुम्ही बाहेर. जन्मभर." उद्या आणखी काय बदलेल कुणी सांगावं, असंही म्हणाले.

मग म्हटलं, नकोच द्यायला. तर म्हणाले, द्या, पण नीट द्या. पावतीवर 'भाडं' हा शब्द लिहायचा नाही. मागची खोली आपल्या कुलपात ठेवायची, आपलं सामान आत — म्हणजे ताबा आपला. रेशनकार्ड त्या पत्त्यावर काढू द्यायचं नाही. विजेचं मीटर आपल्याच नावावर. तिसरं माणूस वस्तीला आलं तर करार रद्द. आणि मुदतीच्या वर एक दिवस — एकही दिवस — नाही.

सगळं घालायला सांगितलं. चमच्यांची यादीसुद्धा.

शुक्रवार, १३ एप्रिल

करार झाला. सुभेदारांनी परवा म्हटलं होतं न वाचता सही करतो — आणि आज एकेक कलम बोट ठेवून वाचलं! अर्धा तास. शेवटी सही केली आणि मान वर करून विचारतात, "ह्यात घर लिवलंय, भोवतालची जमीन न्हाई लिवली. जमीन किती हाय बाई?"

मी म्हटलं, "तुम्हाला राहायचंय घरात. जमिनीशी काय काम?"

"आमी शेतकरी मानसं. जमीन दिसली की इचारावंसं वाटतं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे. पण सही झाली होती.

सोमवार, १६ एप्रिल

काल पाचगणीला जाऊन चावी दिली. चूक केली असं कालपासून वाटतंय.

मंगळवार, २४ एप्रिल

बयाबाईचं कार्ड आलं. बरं वाटलं. बयाबाई आमच्या माळ्याची, जोतिबाची, बायको. जोतिबा चार वर्षांमागे गेला. ती मागच्या खोपटात राहते, घराकडे बघते. तिला मी निघताना बजावलं होतं — कोण येतं, कोण राहतं, भिंतीला खिळा मारतात का, सगळं कळव. लिहिता येत नाही तिला, पण पोस्टमन लिहून देतो. तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवतो तो.

"दोगंच हाईत. खिळा न्हाई मारला. बाईस्नी रातीला खोकला लय. सुभेदार रोज सकाळी बांधाबांधानं फिरत्यात. मानसं चांगली हाईत. मला च्या देत्यात."

खिळा नाही, ठीक. पण बांधाबांधाने कशाला फिरायचं? हवा खायला आलेला माणूस रस्त्याने फिरतो, टेबललँडवर जातो. आणि बयाबाईला चहा! फितवायला सुरुवात झाली म्हणायची.

बुधवार, २ मे

काय म्हणत होते मी!! आजचं कार्ड — "सुभेदार तलाठ्याकडं जाऊन आलं. सातबारा आनला. मग वाईलाबी गेल्ते, मोटारीनं."

दोन महिन्यांच्या पाहुण्याला सातबारा कशाला हवा? माझ्या जमिनीचा?

तडक अण्णांकडे गेले. चष्मा पुसत म्हणाले, "निघा. समक्ष बघून या. आपली खोली उघडा, एक रात्र राहा. ताबा दिसला पाहिजे. आणि भांडू नका. बघा नुसतं."

रविवार, ६ मे. पाचगणी

सांगलीहून सकाळच्या एसटीने निघाले. साताऱ्याला गाडी बदलली, वाईला बदलली, घाट चढून पोचेतो तीन वाजले. न कळवता आले मुद्दाम.

दार उघडंच होतं. पडवीत सुभेदारांची बायको, हरणाबाई, उशीला टेकून बसलेली. वाळकी बाई, पण डोळे हसरे. शेजारी बयाबाई बसून तिचे पाय चेपत होती. माझी बयाबाई! मला बघितलं आणि झटकन उठली — चोरी पकडल्यासारखी.

"आवं बाई, कागुद न्हाई, काय न्हाई. आदी सांगितलं असतं तर सुभेदार मोटारतळावर आलं असतं," हरणाबाई म्हणाली. लगेच धाप लागली तिला.

मी घर फिरले. एकही खिळा नाही. न्हाणीची गळती काढलेली. स्वयंपाकघरातली खिडकी, जी ह्यांनाही कधी नीट लावता आली नव्हती, ती बोटाने लागते. हे सगळं का करतोय हा माणूस? दुसऱ्याच्या घराला कुणी फुकट हात लावत नाही. उद्या म्हणेल, दुरुस्ती मी केली, हक्क माझा!

सुभेदार संध्याकाळी आले. मी सरळच विचारलं. (अण्णा म्हणाले होते, भांडू नका. भांडले नाही. विचारलं.)

"सातबारा कशाला काढलात?"

पायातल्या वहाणा काढून, नीट कडेला ठेवून मग बोलले. "बाई, सातबारा कुनालाबी मिळतो. सरकारी कागद हाय त्यो."

"मिळतो हो. पण तुम्हाला कशाला?"

"तुमच्या घराला माझ्याकडनं धोका न्हाई. धा जूनला सकाळी चावी तुमच्या हातात दीन. जबान दिली."

"मी जबान नाही विचारली. कारण विचारलं."

"कारन मी सांगायचं न्हाई," म्हणाले. अजिबात आवाज न चढवता. बयाबाई दारात कंदील पुसत उभी होती. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. किंवा मुद्दाम बघितलं नाही. कसलं काय, आता मला प्रत्येकाच्या नजरेत काहीतरी दिसायला लागलंय.

रात्री हरणाबाईने भाकरी आणि मटकीची उसळ माझ्या खोलीत पाठवली. खाल्ली. चांगली होती.

सोमवार, ७ मे. पाचगणी

सकाळी सुभेदार फिरायला गेले तेव्हा टेबलावरचे कागद बघितले. बघू नयेत, पण घर माझं, टेबल माझं.

सातबारा होताच. त्याखाली जुने उतारे. १९५४-५५ चा. ५५-५६ चा. गट्ठाच.

कागद होते तसे ठेवले आणि पहिल्या गाडीने निघाले. बयाबाई मोटारतळापर्यंत पिशवी घेऊन आली. तिला म्हटलं, "सुभेदार तुला काय काय विचारतात ग?"

"इचारत्यात की. जोतिबा कसा व्हता, काय पिकवायचा."

"आणि तू काय सांगितलंस?"

"जे हाय ते."

आणखी काही विचारलं नाही. गाडी आली होती.

शनिवार, १९ मे

सुभेदारांचं पत्र. हरणाला उतार पडतोय, जूनअखेरपर्यंत राहू द्याल का? अक्षर वळणदार. अण्णा म्हणाले, "बघा, सुरू झालं! आज वीस दिवस, मग दिवाळी, मग कोर्ट." रजिस्टर पोस्टाने नकार धाडला. पोचपावतीसकट.

पाकीट चिकटवताना त्या बाईची धाप आठवली. पण चिकटवलं.

सोमवार, २८ मे

काही पत्र नाही. भांडण नाही, विनवणी नाही. गप्प बसलेत म्हणजे वकील गाठला असणार.

रविवार, १० जून. पाचगणी

गेले!

नऊ वाजता चावी हातात ठेवली. जबान दिली होती तशी. घर झाडलेलं, पुसलेलं. मी यादी घेऊन बसले, तर सुभेदार समोर हात बांधून उभे राहिले — तपासणीला उभं राहावं तसे. चमचे मोजले. एक जास्त भरला! हरणाबाई हसली, "ऱ्हाऊ द्या बाई, तुमच्या घरचं अन्न खाल्लंय त्यानं." मला हसू आलं नाही. लाज वाटली थोडी, ती इथं लिहिते.

निघताना ती आणि बयाबाई गळ्यात पडून रडल्या. दोन महिन्यांची ओळख! वीस वर्षं मी इथं येतेय, माझ्यासाठी बयाबाई कधी रडल्याचं आठवत नाही.

ते गेल्यावर मी मागची खोली आवरत होते, तर बयाबाई उंबऱ्यापाशी येऊन उभी.

"काय ग?"

"बाई, एक इचारू? राग न्हाई ना यायचा?"

"विचार."

"मालकांनी जोतिबाकडनं कागुद घेतला व्हता. लय मागं. त्यात काय लिवलं व्हतं?"

"कुठला कागद?"

"तुमास्नी ठावं असंल म्हनून इचारलं."

"मला काही ठाऊक नाही. आणि त्या सुभेदाराने तुझ्या डोक्यात काय काय भरवलंय ते काढून टाक. तो गेला आता."

"व्हय," म्हणाली. "त्ये गेलं." आणि खोपटाकडे गेली. चहा नको म्हणाली.

मंगळवार, १२ जून

सांगली. अण्णांना पेढे दिले. "सुटलात," म्हणाले. पुढच्या वर्षी करारात जमिनीबद्दल एक कलम घालायचं ठरलं. भाडेकरूने गावातल्या माणसांशी बोलू नये असं कलम घालता येतं का विचारलं. येत नाही म्हणाले.

बुधवार, ४ जुलै

बयाबाईचं कार्ड नाही. महिना होत आला.

मंगळवार, २१ ऑगस्ट

मामलेदार कचेरीची नोटीस आली. कूळकायद्याखाली अर्ज. मी सही करून घेतली ती सुभेदारांचंच नाव शोधत. नाव आहे — अर्ज लिहून देणार म्हणून, अगदी खाली. अर्जदार ते नाहीत. अर्जदार, बयाबाई जोतिबा भिलारे. जमीन सोडल्याचा कागद तिच्या नवऱ्याने मामलेदारापुढे दिलेला नव्हता, त्याला तो वाचून दाखवलेला नव्हता, तरी तो मानू नये आणि घराखालच्या तुकड्यासकट जमीन वारसाच्या नावे करावी.

अण्णांनी दोनदा वाचली. विचारलं, "शरयूताई, कागद झाला तेव्हा तिथं कोण कोण होतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

या वहीत तरी लिहिते. जोतिबा आमचा माळी नव्हता. माळी त्याला आम्ही नंतर केलं. छप्पन साली तो आमचं कूळ होता आणि कागदावर काय आहे ते त्याने ह्यांना विचारलं होतं. ह्यांनी शाईची डबी पुढे सरकवली. तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याचा अंगठा धरून शाईत टेकवला आणि म्हटलं, "लाव रे. मी आहे ना."