पर्ल अँड पामची तपासणी

नाशिकरोड,
१२ फेब्रुवारी १९८६

प्रिय गेणू,

सप्रेम जयभीम. पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलं आहे, आईने ठेवलेलं. पण तिथल्या, म्हापशाकडच्या पोस्टमनला ते नाव ठाऊक नसणार हे आता कळल्यामुळे खाली 'जीनो, पर्ल अँड पाम बीच क्लब' असंही लिहावं लागलं. पाठच्या भावाचं नाव असं परक्यासारखं लिहिताना फार राग आला. तो अजून उतरलेला नाही आणि पत्र संपेपर्यंत उतरेल असं दिसत नाही. तेव्हा हातातली कामं संपवून निवांत बसून वाच.

दिवाळीत तू लिहिलंस की क्लबात पाहुण्यांची नोंद करायला, फोन घ्यायला इंग्रजी बोलणारी मुलगी हवी आहे, मैनाला पाठव, राहायला खोली देतो, जेवण तिथलंच. बी.ए. होऊन, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा देऊन माझी पोरगी दोन वर्षं घरात बसली आहे. रोजगार केंद्राचं कार्ड नवं करून आणते आणि पोळ्या लाटायला बसते. तुझं पत्र वाचून तिचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही, उगाच तुझी छाती फुगेल. पत्रात शेवटी एक ओळ होती, 'तिला सांगून ठेव, इथे मला मामा नाही, सर म्हणायचं.' आम्हाला वाटलं, कामाची शिस्त असेल. तुझे दाजी तर म्हणाले, बरोबरच आहे, इगतपुरीला रेल्वेत मीसुद्धा सख्ख्या चुलतभावाला साहेब म्हणतो. आणि त्याच्याही खाली लिहिलं होतंस, 'काळजी वाटत असेल तर ताई, एकदा येऊन बघून जा.' ते तू रीत म्हणून लिहिलंस. मी खरंच आले. तारही केली नाही, कारण तपासणीला कळवून जायचं नसतं.

चोवीस वर्षं मी मुलींचं वसतिगृह सांभाळते आहे. कुठलीही जागा बघायची माझी रीत ठरलेली आहे. आधी संडास-मोरी, मग पाणी, मग स्वयंपाकघर, आणि माणसं सगळ्यात शेवटी. माणसं तपासणीच्या दिवशी गोड बोलतात, मोरीला तसं बोलता येत नाही. दर्शनी भाग मी बघतच नाही. तुझा दर्शनी भाग छान आहे. शिंपल्यांची कमान काय, माडांना बांधलेले झोपाळे काय, बाटल्यांत खोचलेल्या मेणबत्त्या काय. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. समुद्रही चांगला आहे, पण तो तू बांधलेला नाहीस, म्हणून त्याचे गुण तुला दिलेले नाहीत.

झावळ्यांच्या आठ झोपड्या, त्यांना तू कॉटेज म्हणतोस. मोऱ्या दोनच. बायकांच्या मोरीला आतून कडी नाही, खिळ्याला गुंडाळायची सुतळी आहे. मी ती जरा ओढून बघितली तर खिळ्यासकट हातात आली. विहिरीपासून शोषखड्ड्यापर्यंत मी चालून बघितलं, बावीस पावलं. माझ्या वसतिगृहात असं असतं तर मी त्याच दिवशी विहिरीला टाळं ठोकलं असतं. मैनासाठी जी खोली दाखवलीस ती दारूच्या खोक्यांची कोठी आहे. खोके हलवू म्हणालास. खोके हलतील, पण खिडकीची फळी बाहेरून उघडते त्याचं काय? वाळूत पालथी पडलेली ती उघडी गोरी माणसं बघून मला लाज वाटेल, असं तुला वाटलं असावं, कारण तू मला सारखा दुसऱ्या वाटेने नेत होतास. मला काही वाटलं नाही. खरजेची साथ आली तेव्हा शंभर पोरींना मी अंगभर मलम लावलेलं आहे, अंगाचं मला ना कौतुक ना भीती. खटकले ते मुंबईचे पाहुणे. ते समुद्राकडे पाठ करून त्या गोऱ्या बायकांकडे बघत बसतात. उद्या ते काउंटरमागच्या मैनाकडे बघतील.

स्वयंपाकघरात तू मला एकटं सोडलंस ही तुझी चूक झाली. मासळी जमिनीवर, सुरी पुसायचं फडकं आणि टेबल पुसायचं फडकं एकच, आणि मोठ्या पातेल्याच्या बुडाखाली हात फिरवला तर जुनी चिकट काजळी निघाली. तुझी ती रंगूबाई मात्र चांगली आहे. सावंतवाडीकडची ना? तिने मला पाटावर बसवलं आणि पान वाढलं. पानात कांद्याचा झुणका होता. पहिला घास घेतला आणि मी थांबलेच. आईचा झुणका, ओल्या पातीचा, शेवटी कच्चं तेल घातलेला. विंचूरला कांद्याच्या खळ्यावर दिवसभर कांदा निवडून आई घरी यायची, तिच्या बोटांच्या भेगांत माती असायची, आणि येताना ओट्यात खळ्यावर पडलेली पात आणायची. त्या पातीवर आपण दोघं वाढलो. मला इतकं बरं वाटलं, गेणू! मनात म्हटलं, मोऱ्या काय, दुरुस्त करता येतील. पोरगा आईला विसरलेला नाही.

मग रंगूबाईने कौतुकाने मेनूकार्ड दाखवलं. मी तुझी कोण हे तू तिला सांगितलंच नव्हतंस, आणि मला इंग्रजी येत नाही असं तिला वाटलं, म्हणून बोट ठेवून सांगत होती. झुणक्यापुढे लिहिलं होतं, 'सामंत घराण्याची पिढीजात पाककृती'. मी विचारलं, सामंत कोण? ती म्हणाली, आमचे साहेबच की. मालवणकडचं मोठं घराणं त्यांचं, माडांच्या बागा होत्या, आई-वडील बोटीच्या अपघातात गेले, बिचारे एकटेच आहेत. असं सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पान पूर्ण खाल्लं, टाकणं बरं नाही म्हणून. मीठ कमी होतं.

आईला बोट माहीत नव्हती रे. गोदेला पूर आला तर ती पुलावरून बघायलासुद्धा यायची नाही. ती दवाखान्यात गेली, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, आणि शेवटच्या रात्री तिने दोनदा विचारलं, गेणूची गाडी किती वाजता येते. तू तिसऱ्या दिवशी आलास. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, लांबचा प्रवास, नोकरी. पण मेलेल्या माणसाला पुन्हा दुसऱ्या मरणाने मारणं, तेही जरा ऐटदार मरण निवडून, हे मला अजून उमगत नाही. आपलं आडनाव लपवून माणसं राहतात, मला माहीत आहे. माझ्या वसतिगृहातल्या शिकून गेलेल्या चार पोरी मुंबईत तशा राहतात, खोली मिळावी म्हणून. त्या रडून सांगतात आणि मी त्यांना बोल लावत नाही. त्यांनी आडनाव झाकलं, आई बुडवली नाही.

आता शेवटची तपासणी, माणसांची. खरं तर एकाच माणसाची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझा तो मुंबईचा भागीदार बायकोला घेऊन आला. मी त्या शिंपल्यांच्या कमानीखाली उभी होते, पांढरी सुती साडी, हातात माझी कापडी पिशवी. तू त्यांच्याबरोबर आलास तेव्हा मी सवयीने म्हणाले, जयभीम गेणू, चहा घेतलास का? त्या बाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तुला विचारलं, ह्या कोण? आणि तू म्हणालास,

"ह्या आमच्या घरी कामाला होत्या. जुन्या."

गेणू, तू लहान असताना खोटं पकडलं जाणार असं दिसलं की वरचा ओठ चाटायचास. त्या वेळी तसाच चाटलास. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, डोक्याला टक्कल पडत आलेलं, गळ्यात ती शंखांची माळ, आणि ओठ चाटतोय. मला तुझी फजिती बघवली नाही. त्या बाईंकडे बघून मीच म्हणाले,

"हो. सतरा वर्षं होते."

त्या म्हणाल्या, अय्या, अशी माणसं आता मिळत नाहीत. आणि तू हसलास. सतरा वर्षं हा आकडा काही मी हवेतून काढलेला नव्हता. तू चार वर्षांचा होतास, तेव्हा आई खळ्यावर जायची म्हणून मी तुला कडेवर घेऊन शाळेत बसायचे, मास्तर ओरडायचे तरी. लग्न होऊन आले तेव्हा तुला बरोबर आणलं. तुझ्या दाजींनी हूं की चूं केलं नाही, स्वतःची एक खाट होती ती तुला दिली. एकवीस वर्षांचा होऊन तू मुंबईला गेलास तोवर तुझे कपडे मी धुतले, तुझा अभ्यास घेतला, टायफॉइडमध्ये तुझ्या अंगावरची पांघरुणं रोज उकळली. म्हणजे कामालाच होते, तुझं काय चुकलं? त्या रात्री मी रंगूबाईशेजारी स्वयंपाकघरात चटई टाकून झोपले. सकाळी तू भेटायला आला नाहीस. माणसाबरोबर काजूची पिशवी पाठवलीस आणि मला मोटरसायकलवर म्हापशाच्या स्टँडवर सोडायला लावलंस. काजू मी स्टँडवर बसलेल्या एका म्हातारीला दिले. तिला दात नव्हते, पण ती म्हणाली, नातवाला देईन.

घरी आले तर तुझ्या दाजींचा पहिला प्रश्न, समुद्र बघितला का नीट? त्यांना मी अजून सगळं सांगितलेलं नाही. फक्त म्हणाले, जागा नापास. मोरी नापास, पाणी नापास, खोली नापास. ते म्हणाले, आणि गेणू? मी म्हणाले, बरा आहे, जाडा झालाय. बघ, इथेही मी तुझंच झाकलं. सवय लागली आहे, आणि या सवयीची मला लाज वाटते. शंभर पोरींना मी रोज सांगते, आपलं नाव खणखणीत सांगायचं, मान खाली घालायची नाही. आणि दोन शहाण्या माणसांसमोर मी स्वतःला तुझी मोलकरीण करून घेतलं, का, तर तू ओठ चाटलास म्हणून.

मैनाला मात्र सगळं सांगितलं. तिने जाऊ नये म्हणूनच सांगितलं. मोरीच्या सुतळीपासून सुरुवात केली, झुणका सांगितला, बोट सांगितली. कामाला होत्या हे सांगितलं तेव्हा ती उठून उभी राहिली. मला वाटलं, आता तुला शिव्या देईल. ती मला म्हणाली, "आई, तू हो म्हणालीसच कशी?" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी बापाला तिकीट काढायला सांगून आली. नोकरी तिला हवी आहे आणि ती ती करणार आहे. शुक्रवारी, एकवीस तारखेला निघते, शनिवारी सकाळी म्हापशाला उतरेल. पहिल्या दिवशीच, जे कोणी तिथे असतील त्यांच्यासमोर, ती तुला मामा म्हणणार आहे. कोणी विचारलं तर सांगणार आहे की मी मैना पगारे, आजोळ गांगुर्ड्यांचं, आजी आक्काबाई विंचूरच्या खळ्यावर कांदा निवडायची, आणि दवाखान्यात गेली. ती माझ्यासारखी नाही, तुझ्या ओठाकडे बघून गप्प बसणार नाही, आणि गप्प बस असं मी तिला सांगितलेलं नाही. हे पत्र तुला सोमवारी-मंगळवारी मिळेल, म्हणजे तुझ्या हातात चार दिवस आहेत. रंगूबाईला, त्या भागीदाराला, त्याच्या बायकोला, ज्याला ज्याला तू ते मालवणचं घराणं सांगितलं आहेस त्या सगळ्यांना तोवर तू स्वतः खरं सांग. भाचीने सांगितलं तर तू उघडा पडशील, तुझ्या तोंडून गेलं तर निदान माणसासारखा दिसशील. तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. एवढं झाल्यावरही तुला सावध करावंसं वाटलं, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

तुझीच थोरली बहीण,
चंद्रभागा